फॉर्ममधल्या कुठल्या रकान्यात खरंच बदल झाला, हे ओळखायचं कसं?

कुळागर (फोंडा) | सोमवार, सकाळी १०:१२

मंडळी, फोंडा तालुक्यातल्या एका पतसंस्थेचा सभासद नोंदणीचा डेस्कटॉप प्रोग्राम सध्या माझ्याकडे देखभालीला आहे. व्हीबी डॉट नेटचे विंडोज फॉर्म्स, मागे डेटाबेस एसक्यूएल सर्व्हर एक्स्प्रेस. आधीच्या कंत्राटदाराने प्रत्येक टेक्स्टबॉक्सच्या टेक्स्टचेंज्ड इव्हेंटला (मजकूर हलला की मिळणारी सूचना) एक फ्लॅग, म्हणजे खरं-खोटं सांगणारी खूण, जोडून ठेवला आहे. काहीही हललं की फ्लॅग खरा, आणि फॉर्म बंद करताना 'बदल सेव्ह करायचे?' ही खिडकी.

काउंटरवरच्या मुलीने नुसता फोन नंबर बघायला रेकॉर्ड उघडलं तरी ती खिडकी येते. सगळे सवयीने 'होय' दाबतात. मग प्रोग्राम सगळेच रकाने पुन्हा लिहितो आणि लॉगमध्ये प्रत्येक रकान्याची एक ओळ टाकतो. परवा लेखापरीक्षकांनी विचारलं, 'या खात्याचा मोबाइल नंबर कधी बदलला, कोणी बदलला, आधीचा कोणता होता?' लॉग उघडला तर 'जुनं नाव: गावडे, नवं नाव: गावडे' अशा पानंच्या पानं ओळी. खरा बदल त्यात कुठेतरी आहे, पण सापडत नाही.

ओटीपी त्या नंबरावर जातो. म्हणजे हा रकाना कोणी बदलला, हे कळणं ही चैन नाही, सभासदांच्या पैशांचा प्रश्न आहे.

माझं मत असं की टाइप करणं म्हणजे बदल नव्हे. वाचताना जी व्हॅल्यू होती आणि सेव्ह करताना जी आहे, त्या वेगळ्या असतील तरच बदल. पण ही तुलना कुठे करावी? फॉर्ममध्ये, डेटासेटमध्ये की डेटाबेसमध्ये? तुम्ही कसं करता?

---

मांडवीकाठ (पणजी) | सोमवार, सकाळी १०:४०

मत बरोबर आहे. टेक्स्टचेंज्डचा गोंधळ असा की कोडने रकाना भरला तरी तो इव्हेंट उडतो. त्याला माणूस आणि कोड यांतला फरक कळत नाही. लोक मग 'आता लोड चालू आहे' असा दुसरा फ्लॅग लावतात, तो एका ठिकाणी खाली करायचा राहतो, आणि पुढची दोन वर्षं कोणी त्या कोडला हात लावत नाही.

तुमच्याकडे एडीओ डॉट नेट (डॉट नेटची डेटाबेसशी बोलणारी लायब्ररी) आहे ना? मग अर्धं काम झालेलंच आहे. डेटारो, म्हणजे मेमरीत वाचलेलं एक रेकॉर्ड, प्रत्येक रकान्याच्या दोन आवृत्त्या सांभाळतो, ओरिजिनल आणि करंट. सेव्हच्या वेळी रकान्यांवरून एक लूप फिरवा, दोन्ही आवृत्त्या ताडून बघा, वेगळ्या असतील तेवढ्याच घ्या.

तीन ठिकाणी मात्र पाय घसरतो.

पहिलं, रोस्टेटवर (रेकॉर्ड बदललं का ते सांगणारी त्याची खूण) विसंबू नका. रकान्यात तीच व्हॅल्यू पुन्हा टाकली तरी रोस्टेट मॉडिफाइड होतो. हॅजचेंजेस आणि गेटचेंजेस त्याच्यावरच चालतात, म्हणून तेही तुम्हाला 'गावडे ते गावडे' दाखवणार.

दुसरं, ओरिजिनल आवृत्ती अ‍ॅक्सेप्टचेंजेस (बदल पक्के करणारी आज्ञा) होईपर्यंतच जगते, आणि डेटाअडॅप्टरचं अपडेट यशस्वी झालं की तो ते स्वतःच करून टाकतो. लॉगसाठी लागणाऱ्या जुन्या व्हॅल्यू त्याआधी उचला.

तिसरं सगळ्यात छळणारं. सेव्हचं बटण टूलस्ट्रिपवर (बटणांच्या पट्टीवर) असेल तर ते दाबल्यावर फोकस टेक्स्टबॉक्समधून बाहेर पडत नाही. शेवटी टाइप केलेला रकाना डेटारोपर्यंत पोचतच नाही. माणसाने नंबर टाइप केला, सेव्ह दाबलं, आणि प्रोग्राम म्हणतो काहीच बदललं नाही. सेव्हच्या पहिल्या दोन ओळी कायम याच हव्यात: फॉर्मचं व्हॅलिडेट आणि मग रकाने डेटाला जोडणाऱ्या बाइंडिंगसोर्सचं एंडएडिट. त्यानंतरच तुलना.

---

जुना_फॉक्सप्रो (म्हापसा) | सोमवार, सकाळी ११:०५

हे सगळं जुन्या फॉक्सप्रो डेटाबेसमध्ये होतं हो! बफरिंग (बदल सेव्हपर्यंत बाजूला ठेवणं) चालू करा, मग गेटफील्डस्टेट विचारा. १ म्हणजे हात लावलेला नाही, २ म्हणजे बदलला, ३ नवीन रेकॉर्ड पण रकाना तसाच, ४ नवीन रेकॉर्ड आणि रकाना भरलेला. उणे एक दिलं की सगळ्या रकान्यांची स्थिती एका ओळीत मिळते.

पण माझ्या आवडीचे दोन भाऊ म्हणजे ओल्डव्हॅल आणि कर्व्हॅल. ओल्डव्हॅल सांगतो मी वाचलं तेव्हा काय होतं. कर्व्हॅल सांगतो आत्ता या क्षणी टेबलात काय आहे. आणि तिसरं, मी स्क्रीनवर टाइप केलेलं. या तीन व्हॅल्यू वेगवेगळ्या असू शकतात, हे ज्याला कळलं त्याला हा विषय कळला. कुळागरबाब, तुम्ही दोनच धरून चाललाय.

---

डेल्फी_अजून_जिवंत (वास्को) | सोमवार, सकाळी ११:२०

+१ काका. डेल्फी या भाषेत टीफील्डला, म्हणजे रकान्याला, ओल्डव्हॅल्यू, न्यूव्हॅल्यू आणि कर्व्हॅल्यू अशी तीन नावं आहेत. जुन्या एडीओतही व्हॅल्यू, ओरिजिनलव्हॅल्यू आणि अंडरलाइंगव्हॅल्यू. सगळ्यांनी तिन्ही ठेवल्या, कारण तिन्ही लागतात.

---

अबोली (मडगाव) | सोमवार, दुपारी १२:३३

माझ्याकडे दोन दवाखाने आणि एक वाचनालय अजून मायक्रोसॉफ्ट अ‍ॅक्सेसवर आहेत, आणि तिथे हे काम फार सोपं आहे, म्हणून लिहिते.

फॉर्मच्या बिफोरअपडेट इव्हेंटमध्ये प्रत्येक बांधलेल्या कंट्रोलची व्हॅल्यू आणि ओल्डव्हॅल्यू ताडायची. रेकॉर्ड सेव्ह होईपर्यंत ओल्डव्हॅल्यू जुनीच राहते. आफ्टरअपडेटमध्ये गेलात तर उशीर झाला, तिथे दोन्ही सारख्याच दिसतात. डर्टी प्रॉपर्टीवर अवलंबून राहू नका. एक अक्षर टाइप करून पुसलं तरी डर्टी खराच राहतो, आणि करंट इव्हेंटमध्ये कोडने एखादा रकाना भरला तरी तो खरा होतो.

आता खरा खड्डा. रकाना रिकामा होता आणि कोणीतरी पहिल्यांदाच नंबर भरला. जुनी व्हॅल्यू नल, म्हणजे 'काहीच नाही'. नल आणि '९८...' वेगळे आहेत का, असं विचारलं तर उत्तर 'हो' येत नाही, 'नाही'सुद्धा येत नाही, उत्तर येतं नल. आणि इफला नल दिला की तो एल्सकडे जातो. परिणाम असा की रिकाम्या रकान्यात भरलेली माहिती लॉगमध्ये कधीच येत नाही. नंबर भरल्याचीही नोंद नाही आणि पुसल्याचीही नाही. फक्त एका नंबरावरून दुसऱ्यावर गेलं तरच ओळ पडते. एका दवाखान्यात हे बरीच वर्षं कोणाच्या लक्षात आलं नव्हतं, कारण लॉगमध्ये ओळी येत होत्या, म्हणून सगळ्यांना वाटे की तो नीट चाललाय.

मजकुरासाठी दोन्ही बाजूंना एनझी (नलच्या जागी दुसरी व्हॅल्यू देणारं फंक्शन) लावून रिकामी स्ट्रिंग द्या. आकड्यांसाठी मात्र नलचा शून्य करू नका! 'व्याजदर भरलेला नाही' आणि 'व्याजदर शून्य' या दोन वेगळ्या गोष्टी आहेत.

अजून एक. अ‍ॅक्सेसच्या मॉड्यूलवर वर 'ऑप्शन कंपेअर डेटाबेस' असतं. त्यात इंग्रजी लहान-मोठी अक्षरं सारखीच धरली जातात. नाव कॅपिटलमध्ये दुरुस्त केलं तर बदल दिसणार नाही. मजकूर ताडणारं स्ट्रकॉम्प फंक्शन बायनरीमध्ये वापरा.

---

सत्तरीकर (वाळपई) | सोमवार, दुपारी २:१०

सगळ्यांचं वाचलं. आदर राखून असहमत.

फॉर्ममध्ये कितीही सुंदर तुलना करा, त्या संस्थेत कोणीतरी एक जण असतोच जो थेट मॅनेजमेंट स्टुडिओ (डेटाबेस हाताळायचा प्रोग्राम) उघडून टेबलात हात घालतो. त्याचा बदल तुमच्या फॉर्मला दिसणारच नाही. लेखापरीक्षकाला नेमका तोच बदल हवा असतो. म्हणून जागा एकच, टेबलावरचा ट्रिगर, म्हणजे टेबलात बदल झाला की डेटाबेसमध्ये आपोआप चालणारा कोड. इन्सर्टेड आणि डिलीटेड ही दोन तात्पुरती टेबलं तिथे आयती मिळतात, एकात नवं आणि दुसऱ्यात जुनं.

अप्लिकेशन बदलेल, भाषा बदलेल, वेब येईल, मोबाइल येईल. टेबल तिथेच राहील.

---

मांडवीकाठ (पणजी) | सोमवार, दुपारी २:२८

सत्तरीकर, ट्रिगरला माणूस कुठे कळतो? प्रोग्राम एकाच लॉगिनने डेटाबेसला जोडलेला असतो. ट्रिगर सांगेल 'अ‍ॅपयूजरने बदललं'. मग काउंटरवरची कोण? शिवाय ट्रिगर फॉर्मला आधी काही सांगू शकत नाही. सेव्हचं बटण चालू करायचं की नाही, हे फॉर्मलाच कळायला हवं.

---

सत्तरीकर (वाळपई) | सोमवार, दुपारी २:५१

माणूस कळतो. एसक्यूएल सर्व्हर २०१६ पासून सेशन कॉन्टेक्स्ट (कनेक्शनसोबत माहिती ठेवायची जागा) आहे. कनेक्शन उघडल्यावर प्रोग्रामने एकदा एसपी-सेट-सेशन-कॉन्टेक्स्ट चालवून आत आलेल्या माणसाचा आयडी ठेवायचा, ट्रिगरने तो वाचायचा. तिथे काही नसेल तर समजायचं की बदल प्रोग्रामबाहेरून झाला, आणि ती ओळ लाल.

बटणाचं मात्र मान्य. ते काम फॉर्मचंच.

---

अबोली (मडगाव) | सोमवार, दुपारी ३:०२

ट्रिगर लिहिणाऱ्यांनी अपडेट() या फंक्शनवर भरवसा ठेवू नये, एवढं सांगते. ते फक्त 'हा रकाना अपडेट विधानातल्या सेटच्या यादीत होता का' एवढंच सांगतं. कुळागर यांचा प्रोग्राम सगळेच रकाने पुन्हा लिहितो, म्हणजे तिथे प्रत्येक वेळी प्रत्येक रकान्याला 'हो' येणार. गावडे ते गावडे पुन्हा हजर.

---

सत्तरीकर (वाळपई) | सोमवार, दुपारी ३:१५

अगदी बरोबर, अबोलीताई. व्हॅल्यूच ताडायच्या. आणि तुम्ही सांगितलेला नलचा खड्डा इथेही आहे. क्वेरीच्या वेअर या अटीत 'नवा नंबर जुन्यासारखा नाही' लिहिलं की नलवाली ओळ गळते. एसक्यूएल सर्व्हर २०२२ असेल तर 'इज डिस्टिंक्ट फ्रॉम' वापरा. जुना असेल तर एक्झिस्ट्समध्ये 'सिलेक्ट नवं एक्सेप्ट सिलेक्ट जुनं', एक्सेप्ट दोन नल सारखे धरतो. पोस्टग्रेवाल्यांकडे 'इज डिस्टिंक्ट फ्रॉम' पूर्वीपासून आहे, मायएसक्यूएलमध्ये नल धरूनही 'सारखं का' सांगणारी 'लहान-बरोबर-मोठं' ही तीन चिन्हांची खूण आहे.

आणि ट्रिगर एका विधानाला एकदाच चालतो, एका रेकॉर्डला एकदा नव्हे. धारबांदोडा हा बारावा तालुका झाला तेव्हा मोले, कुळे, साकोर्डा या गावांचे पत्ते सांग्यातून तिकडे न्यायचे होते. एका संस्थेत एकाच अपडेटने शेकडो सभासदांचा तालुका बदलला, आणि तिथल्या ट्रिगरने लॉगमध्ये टाकली एकच ओळ. लिहिणाऱ्याने इन्सर्टेडमधून एका व्हेरिएबलमध्ये व्हॅल्यू उचलली होती. बाकी सगळे गायब.

---

रापणकार (काणकोण) | सोमवार, दुपारी ४:००

माझ्या सासूबाईंना कुळागरातली (सुपारीच्या बागेतली) एक सुपारी हलली तरी कळतं. कुळागरबाब, त्यांना कन्सल्टंट म्हणून बोलवा, ट्रिगर लिहायची गरज नाही :)

---

अबोली (मडगाव) | सोमवार, दुपारी ४:०४

आणि कोणी हलवली, हेही कळत असेल. सेशन कॉन्टेक्स्टसकट! :))

---

निवृत्त_हिशेबनीस (डिचोली) | सोमवार, संध्याकाळी ६:४५

मला प्रोग्रामिंग येत नाही, पण आयुष्य सहकारी संस्थांच्या वह्यांत गेलं, म्हणून दोन शब्द.

वहीत आम्हाला खोडरबर वर्ज्य. आकडा चुकला तर त्यावर एकच आडवी रेघ, खालचा आकडा वाचता आला पाहिजे अशी. वर नवा आकडा, बाजूला सही आणि तारीख. जो आकडा गिरवून काळा केला, त्यावर लेखापरीक्षक हमखास बोट ठेवणार. तुमची चर्चा मला त्याच शिस्तीची वाटते आणि फार बरं वाटलं.

एक गोष्ट मात्र कोणी लिहिली नाही. काय बदललं आणि कोणी बदललं याबरोबर कशाच्या आधारे बदललं, हेही लागतं. गोव्यात नाव-आडनाव बदलायला १९९० चा वेगळा कायदा आहे. सभासदाचं नाव बदललं तर कोणता दाखला पाहिला, त्याचा क्रमांक काय, हे नोंदीत हवं. मोबाइल बदलला तर सभासदाचा सहीचा अर्ज हवा. नाव, मोबाइल, वारसदार आणि बँक खातं, या चार रकान्यांना आधार विचारल्याशिवाय सेव्ह होऊ देऊ नका. पत्त्यातल्या वाड्याचं स्पेलिंग दुरुस्त केलं तर विचारायची गरज नाही.

आणि या चार रकान्यांचा बदल एकाने भरावा, दुसऱ्याने मंजूर करावा.

---

मांडवीकाठ (पणजी) | सोमवार, संध्याकाळी ७:०८

काका, या एका पोस्टसाठी धागा उघडल्याचं सार्थक झालं. आणि यातून माझा मुद्दा पक्का होतो. आधार विचारायचा तर सेव्हच्या आधी, फॉर्ममध्येच कळायला हवं की नेमका मोबाइलच बदललाय. ट्रिगर चालतो तोवर काउंटरवरचा सभासद घरी पोचलेला असतो.

---

सत्तरीकर (वाळपई) | सोमवार, संध्याकाळी ७:२०

मग दोन्ही करा. फॉर्मची तुलना माणसाला विचारण्यासाठी, ट्रिगरची तुलना पुराव्यासाठी. माझा हट्ट एवढाच की पुरावा फॉर्मच्या हातात नको.

---

रेवा_नाईक_नव्हे (पेडणे) | सोमवार, रात्री ९:३०

सगळे 'जुनं आणि नवं ताडा' म्हणतायत, पण 'सारखं' म्हणजे काय हे कोणी ठरवलंय का? माझा सगळा वेळ तिथेच जातो. जरा सविस्तर लिहिते.

आकडे. डेटाबेसमध्ये १०००.००, टेक्स्टबॉक्समध्ये १०००. मजकूर म्हणून ताडले तर बदल, डेसिमल म्हणून ताडले तर सारखे. म्हणून आधी टाइप ओळखा, मग ताडा. पैसे डबल किंवा फ्लोटमध्ये ठेवले असतील तर तुलना करण्याआधी ते डेसिमलमध्ये आणा, कारण दशांशातला एक साधा दहावा भाग बायनरीत नेमका बसत नाही.

तारखा. डेटटाइम हा टाइप सेकंदाच्या तीनशेव्या भागापर्यंतच अचूक साठवतो, डॉट नेटचा डेटटाइम त्याहून कितीतरी बारीक. लिहिलेली वेळ परत वाचली की शेवटचे आकडे वेगळे. जन्मतारखेला वेळ लागतच नाही, तिथे सरळ डेट हा टाइप ठेवा.

मोकळ्या जागा. 'म्हार्दोळ' आणि शेवटी स्पेस असलेलं 'म्हार्दोळ'. एसक्यूएल सर्व्हरच्या बरोबर-चिन्हाला शेवटच्या स्पेस दिसत नाहीत, डॉट नेटला दिसतात. म्हणजे सत्तरीकर आणि मांडवीकाठ यांच्या दोन लॉगची उत्तरं वेगळी येणार, आणि लेखापरीक्षक विचारणार की खरं कुठलं.

आता गोव्याची खास गोष्ट. डि'सोझा. मधली खूण की-बोर्डवरून सरळ येते, वर्डमधून चिकटवली की वाकडी. डोळ्याला जवळपास तीच, कोडला वेगळी.

आणि देवनागरी. आमच्याकडे एका यादीत कऱ्हाडे हे आडनाव तीन प्रकारे साठवलेलं सापडलं. एकात ऱ हे एकच अक्षर आणि मग हलन्त. दुसऱ्यात साधा र, त्याखाली नुक्ता आणि मग हलन्त. तिसऱ्यात साधा र, हलन्त आणि त्यामागे न दिसणारा झिरो विड्थ जॉइनर. स्क्रीनवर तिन्ही अक्षरशः एकसारखे. वेगवेगळे की-बोर्ड, वेगवेगळी माणसं, कोणाचीच चूक नाही. एका ऑपरेटरने नाव पुन्हा टाइप केलं की 'कऱ्हाडे ते कऱ्हाडे' असा बदल लॉगमध्ये. बघणारा म्हणणार, प्रोग्राम वेडा झालाय.

डॉट नेटच्या नॉर्मलाइझने (समतुल्य अक्षरं एका रूपात आणणारं फंक्शन), त्याचा 'फॉर्म सी' हा प्रकार घेतला तर, पहिले दोन प्रकार एक होतात. तिसरा होत नाही, कारण युनिकोडच्या हिशेबी तो त्यांच्याशी समतुल्य नाही. त्याच्यासाठी 'र, हलन्त, जॉइनर' दिसलं की 'ऱ, हलन्त' करा, असा नियम हाताने लिहावा लागतो.

माझं म्हणणं एवढंच की 'सारखं का?' हे ठरवणारं एकच फंक्शन लिहा. त्यात टाइप, नल, स्पेस, खुणा, युनिकोड सगळं. फॉर्म त्यालाच विचारेल, लॉग त्यालाच विचारेल. आणि शक्य असेल तिथे साठवतानाच मजकूर धुऊन घ्या, म्हणजे ट्रिगरलाही तोच धुतलेला मजकूर मिळेल.

---

जुना_फॉक्सप्रो (म्हापसा) | सोमवार, रात्री ९:५२

कऱ्हाड्यांचे तीन प्रकार! आमच्या शेजारच्यांना सांगतो उद्या.

---

अबोली (मडगाव) | सोमवार, रात्री १०:१५

रेवा, हे छापून भिंतीला लावणार. एक भर घालते. एसक्यूएल सर्व्हरचं नेहमीचं कोलेशन (मजकूर ताडायचे नियम) इंग्रजी लहान-मोठं अक्षर सारखंच धरतं, एक्सेप्टसुद्धा तेच कोलेशन पाळतो. नावातली कॅपिटलची दुरुस्ती लॉगला हवी असेल तर ट्रिगरच्या तुलनेत बायनरी कोलेशन लावावं लागेल.

---

रापणकार (काणकोण) | मंगळवार, सकाळी ८:२०

जरा विषय सोडून. आमच्याकडे जूनमध्ये पहिला मोठा पाऊस झाला की वीज जातेच. यूपीएसच्या बॅटऱ्या जुन्या, मशीन बंद. अर्धवट भरलेला फॉर्म गेला. सभासदाला पुन्हा बोलावायचं. बदल ओळखता येत असतील तर ते मधूनमधून बाजूला साठवताही येतील ना?

---

डेल्फी_अजून_जिवंत (वास्को) | मंगळवार, सकाळी ९:०२

येतील, आणि विषय सुटलेलाही नाही. फक्त बदललेले रकाने, रेकॉर्डचा आयडी आणि वाचलेली मूळ व्हॅल्यू, एवढंच एका लोकल फाइलीत काही सेकंदांनी लिहायचं. मी एसक्यूलाइटची छोटी फाइल वापरतो. वीज आल्यावर प्रोग्राम विचारतो, 'हे तीन बदल सेव्ह व्हायचे राहिले, पुढे नेऊ?' मूळ टेबलाला हात लावायचा नाही. अर्धा टाइप झालेला मोबाइल नंबर खऱ्या टेबलात जाता कामा नये.

---

मैथिली_साखळी | मंगळवार, सकाळी ९:४०

मी काउंटरच्या बाजूची आहे, तुमच्यासारखे प्रोग्राम रोज वापरते. 'बदल सेव्ह करायचे?' ही खिडकी आम्ही वाचत नाही, कारण ती काही सांगतच नाही. दिवसभरात इतक्या वेळा येते की हात आपोआप एंटरवर जातो.

एका ठिकाणी मी असं पाहिलं: बदललेला रकाना फिकट पिवळा होतो, त्याच्या खाली बारीक अक्षरांत जुनी व्हॅल्यू दिसते, आणि जुनीच व्हॅल्यू परत टाइप केली की रंग जातो. सेव्हचं बटण खरा बदल असेल तरच चालू. बंद करताना खिडकी आली तर त्यात लिहिलेलं असतं, 'मोबाइल: ...४१ वरून ...१४'. आकडे उलटे झालेत हे तिथल्या तिथे कळतं. समोर सभासद उभाच असतो, लगेच विचारता येतं. हे करा, आम्ही दुवा देऊ.

---

कुळागर (फोंडा) | मंगळवार, सकाळी १०:०५

मैथिलीताई, हे नक्की करणार. जुनी व्हॅल्यू माझ्या कोडला माहीत असतेच, ती माणसाला दाखवायला काहीच खर्च नाही.

आता फॉक्सप्रोकाकांच्या तिसऱ्या व्हॅल्यूबद्दल. आमच्याकडे दोन काउंटर आहेत. एकाच सभासदाचं रेकॉर्ड दोघींनी उघडलं, एकीने पत्ता बदलला, दुसरीने मोबाइल. प्रोग्राम सगळे रकाने लिहितो, म्हणून दुसरीच्या सेव्हने पहिलीचा पत्ता जुना होतो. लॉगमध्ये दिसतं की दुसरीने पत्ता बदलला, आणि तिने तर पत्त्याला हातही लावलेला नाही. तिला विनाकारण बोलणी खावी लागली.

---

मांडवीकाठ (पणजी) | मंगळवार, सकाळी १०:३१

यावर दोन उपाय आहेत, दोन्ही लावा.

एक, अपडेटमध्ये बदललेलेच रकाने पाठवा. मग पत्ता आणि मोबाइल दोन्ही टिकतात आणि लॉग त्या मुलीवर खोटा आळ घेत नाही.

दोन, टेबलात रोव्हर्जन रकाना ठेवा. रेकॉर्डला कोणीही हात लावला की तो आपोआप पुढे सरकतो. अपडेटच्या वेअरमध्ये वाचलेलं रोव्हर्जन घाला. किती ओळी बदलल्या याचं उत्तर शून्य आलं तर मधे कोणीतरी येऊन गेलं. मग टेबलातली आत्ताची व्हॅल्यू पुन्हा वाचा आणि तिन्ही ताडा. तुम्ही बदललेला रकाना दुसऱ्याने बदललेला नसेल तर नवं रोव्हर्जन घेऊन पुढे जा. तोच रकाना दोघांनी बदलला असेल तर माणसाला विचारा.

एकमेकांवर अवलंबून असलेले रकाने मात्र जोडीनेच बघायचे. मुदत आणि व्याजदर, गाव आणि पिनकोड. एकीने मुदत बदलली, दुसरीने दर, दोन्ही वेगळे रकाने म्हणून आपोआप जुळवले तर संस्थेत अस्तित्वातच नसलेली ठेव योजना तयार होईल.

---

सत्तरीकर (वाळपई) | मंगळवार, सकाळी १०:५०

याला माझा पूर्ण पाठिंबा. आणि लॉगची ओळ आणि खरा बदल एकाच ट्रान्झॅक्शनमध्ये हवेत, म्हणजे दोन्ही होतील नाहीतर एकही नाही. ट्रिगरमध्ये ते आपोआप होतं, फॉर्ममधून लॉग लिहिणाऱ्यांनी मुद्दाम करावं.

कोणी टेम्पोरल टेबल (जुन्या ओळींचा इतिहास आपोआप ठेवणारं) सुचवण्याआधीच सांगतो: एसक्यूएल सर्व्हर २०१६ पासून आहेत, एक्स्प्रेसमध्येही चालतात, चांगली आहेत. पण त्याच व्हॅल्यू पुन्हा लिहिल्या तरी इतिहासात ओळ पडते. कुळागर यांनी आधी 'सगळं लिहा' बंद केल्याशिवाय तिथेही गावड्यांचीच गर्दी होईल.

---

कुळागर (फोंडा) | शुक्रवार, संध्याकाळी ५:३०

मंडळी, चार दिवस बसून केलं, कळवतो.

टेक्स्टचेंज्डचे सगळे फ्लॅग काढले. रेवाताईंच्या सांगण्याप्रमाणे 'सारखं का?' हे एकच फंक्शन लिहिलं, कऱ्हाड्यांच्या नियमासकट. सेव्हच्या आधी व्हॅलिडेट आणि एंडएडिट, मग डेटारोच्या ओरिजिनल आणि करंटची तुलना, आणि बदललेल्याच रकान्यांचं अपडेट, रोव्हर्जनसह. ट्रिगर सत्तरीकर यांच्या पद्धतीने, सेशन कॉन्टेक्स्टमधून माणूस घेऊन. हिशेबनीसकाकांच्या चार रकान्यांना आधाराचा क्रमांक सक्तीचा केला. मंजुरीची दुसरी पायरी संचालक मंडळापुढे ठेवली आहे. पिवळा रंग काल लागला. काउंटरवर पहिला प्रश्न आला, 'ती खिडकी कुठे गेली?' आता नुसतं बघून बंद केलं तर काहीच विचारत नाही.

लॉगमध्ये आजच्या दिवसाच्या ओळी एका स्क्रीनवर मावतात आणि प्रत्येक ओळीला अर्थ आहे. मला फार समाधान वाटतंय. देव बरें करूं, सगळ्यांचं!

दोन गोष्टी उरल्यात. सहीचा स्कॅन आणि वारसदारांचं वेगळं टेबल. वारसदार आधीच्या कोडमध्ये सगळे डिलीट करून सगळे पुन्हा इन्सर्ट होतात.

---

अबोली (मडगाव) | शुक्रवार, संध्याकाळी ६:१०

सहीसाठी शा-२५६ हॅश (फाइलीच्या मजकुरावरून निघणारा छोटा ठसा) काढून रेकॉर्डबरोबर ठेवा आणि हॅशच ताडा. लॉगमध्ये जुनं चित्र हवं असेल तर ते वेगळ्या टेबलात, लॉगच्या ओळीत फक्त हॅश.

---

रेवा_नाईक_नव्हे (पेडणे) | शुक्रवार, संध्याकाळी ६:४०

वारसदारांचं 'सगळे काढा, सगळे घाला' पहिल्यांदा थांबवा. त्यात प्रत्येकाचा आयडी नवा होतो आणि जुन्या-नव्याचं नातंच तुटतं. वाचताना प्रत्येक वारसदाराचा आयडी ठेवा. सेव्ह करताना, आयडी जुन्या यादीत आहे आणि नव्यात नाही तर काढला, नव्यात आयडीच नाही तर नवीन आला, दोन्हीकडे आहे तर तेच 'सारखं का?' फंक्शन रकान्या-रकान्याने. ओळींचा क्रम बदलला तर तो बदल धरू नका, नाहीतर यादी नावानुसार लावली की लॉग पुन्हा भरेल.

आणि टक्केवारी. एका वारसदाराचा हिस्सा ५० वरून ४० केला तर दुसऱ्याचा ५० वरून ६० होतो. या दोन ओळींना लॉगमध्ये एकच बदल क्रमांक द्या, म्हणजे हिशेबनीसकाकांसारख्या माणसाला त्या एकत्र वाचता येतील.

---

निवृत्त_हिशेबनीस (डिचोली) | शुक्रवार, रात्री ८:००

होय, आणि त्या क्रमांकाबरोबर अर्जाचा क्रमांकही. वारसदार बदलाच्या अर्जावर सभासदाची सही असते. तो अर्ज कुठल्या फाइलीत लावला, हे मीही पहिल्यांदा विचारीन.